गोळा गेला, पण केमो राहिली

आंघोळ घालताना आईच्या हाताला बाळाच्या पोटात एका बाजूला गोळा लागतो. दुखत काही नसतं, पोरगं खेळतंय, खातंय. मग घरातच निदान ठरतं, जंत असतील. वरून पोट चोळून घ्यायचा सल्लाही मिळतो. तो गोळा मूत्रपिंडाच्या कॅन्सरचा असू शकतो, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. असा गोळा चोळायचा नाही, सारखा दाबून बघायचाही नाही. सरळ सोनोग्राफी करून घ्यायची.

लहान मुलांत मूत्रपिंडाचा सर्वाधिक दिसणारा कॅन्सर म्हणजे विल्म्स ट्यूमर. माक्स विल्म्स या जर्मन सर्जननं १८९९ मध्ये त्यावर लिहिलं, म्हणून हे नाव. बहुतेक पेशंट पाच वर्षांच्या आतले. (तुमच्या वयात होतो तो बहुधा वेगळ्या प्रकारचा. लघवीतून रक्त गेलं तर लाजून गप्प बसू नका, एवढं लक्षात ठेवा.) केमो, ऑपरेशन आणि लागलंच तर रेडिएशन असे पूर्ण उपचार मिळाले की प्रगत देशांत दहातली नऊ मुलं बरी होतात. एक मूत्रपिंड काढलं तरी दुसऱ्यावर आयुष्य नीट जातं.

आपल्याकडे घोडं अडतं ते पुढे. ऑपरेशन झालं, गोळा गेला, पोरगं हसायला लागलं की घरचे गावी परततात. कापूस वेचायला आलेला असतो, मजुरी बुडत असते, मुंबईत राहायचं कुठे हाही प्रश्न असतोच. उरलेली केमो राहूनच जाते. आजार मग फुप्फुसात डोकं वर काढतो. अशा आई-बापाला बेफिकीर म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही.

पैशांची सोय आहे. जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. तीच आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. मुंबईत उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना सेंट ज्यूड केंद्रांत मोफत राहता येतं. पण फॉर्म कोण भरणार? रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, ते कोण दुरुस्त करणार? गल्लीत असं घर असेल तर तिथं कॉलेजात जाणारी व्यक्ती कदाचित तुम्हीच असाल. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठा. आणि पुढच्या केमोची तारीख त्या बापाच्या मोबाइलसोबत तुमच्याही मोबाइलमध्ये टाकून ठेवा, आदल्या आठवड्यात एक फोन करा.