निवाऱ्याची जागा पावसाआधी ठरवू या : पनवेलकरांना जाहीर आवाहन

पनवेलकरहो,

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नसल्याने जेसीबी चढेना. माती हातांनीच उपसावी लागली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. वाचलेल्यांनी चौकजवळ कंटेनरमध्ये संसार मांडला आणि सिडकोच्या घरांची वाट पाहिली. त्याआधी २०२१ मध्ये महाडच्या तळियेतही दरडीनंतर कंटेनरच आले.

दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती. मग यादीत नाव नाही म्हणून आपल्या तालुक्यातल्या प्रबळमाचीने आणि डोंगरातल्या इतर वाड्यांनी निर्धास्त झोपावे, असे कोण म्हणेल?

दरड कोसळली की मदत म्हणून जुन्या कपड्यांचे ढीग लागतात. कृपा करून ते नकोत. ते निवडण्यातच कार्यकर्त्यांचे दिवस जातात. हवे आहे छप्पर, आणि तेही आधीच ठरलेले. डोंगराच्या पायथ्याला, पण ओढ्यापासून दूर, पाणी-वीज जवळ असलेली सपाट जागा ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ती पावसाळ्यापुरती वापरू देण्याची तयारी तहसील कार्यालयाला लेखी कळवावी. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले व्यापारी, तळोज्याचे कारखानदार, शहरातले मांडववाले यांनी पाइप, पत्रे, ताडपत्र्या राखून ठेवाव्यात. सुटे भाग दोघांना खांद्यावरून नेता येतील एवढेच असावेत. जागेपर्यंत पायवाटच असेल, तर तिच्यावर ट्रक चालत नाही.

कंटेनर देणाऱ्यांनी एक हिशेब करावा. मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार माणशी किमान साडेतीन चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस फूट जागा लागते. पाच जणांना १९० चौरस फूट झाली. २० फुटी कंटेनर बाहेरून मोजला तरी १६० चौरस फूटच भरतो! शिवाय मुक्काम लांबला, तर चैत्र-वैशाखात पत्रा तापतो. वर गवताचे दुसरे छप्पर आणि समोरासमोर खिडक्या हव्यातच. ही कामे वाड्यांतल्या ठाकर बांधवांना आपल्यापेक्षा चांगली जमतात, म्हणून आराखडा वाडीतल्या बायका-पुरुषांना विचारूनच करावा. स्वच्छतागृह, दिवे आणि चूल कुठे, हे आधी बायकांनी सांगावे.

शेळ्या-कोंबड्या वर सोडून कुणी खाली येणार नाही. तेव्हा गोठ्याची जागाही त्याच आराखड्यात धरा, आणि हे सगळे मृग लागायच्या आत उरका.

आपले,
काही पनवेलकर