बारा शब्द कोणाच्या हाती?



किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून घरभर वावरणारी बाई आपण सगळ्यांनी पाहिली आहे. जुडगा तिच्या कमरेला असला तरी तिजोरीतला पैसा कोणाच्या शब्दाने हलत होता, हेही आपल्याला ठाऊक आहे. पुढे बँका आल्या, बायकांच्या नावाने खाती उघडली. पण पासबुक नवऱ्याकडे, एटीएमचे कार्ड मुलाकडे, आणि वर 'खाते तुझ्याच नावावर आहे ना!' असा उपकार. आता त्याच गोष्टीचा नवा अवतार आपल्या दारात आला आहे, म्हणून या अंकात जरा अनोळखी विषयावर लिहीत आहोत.

काही महिन्यांपूर्वी आमच्या केंद्रावर एक बाई आल्या. घरी बसून परदेशातल्या लोकांसाठी चित्रांचे काम करणाऱ्या. मोबदल्याचा काही भाग क्रिप्टो-चलनात येई. त्यासाठी लागणारे पाकीट, म्हणजे संगणकाच्या ब्राउझरमध्ये बसवायचे एक्स्टेन्शन, बहिणीच्या मुलाने काढून दिले होते. 'मावशी, तुला नाही कळायचं, मी करून देतो,' असे म्हणून. पाकीट उघडताना जे बारा शब्द पडद्यावर आले त्यांचा फोटो त्याने आपल्या मोबाइलमध्ये काढून ठेवला. वर्षभराने लॅपटॉप बिघडला, मधल्या काळात दोन घरांत वाद झाला होता. शब्द हाती येईपर्यंत पाकीट रिकामे झाले होते. भाचा म्हणतो, मी हात लावला नाही. तो फोटो त्याच्या मोबाइलमधून आणखी कुठे कुठे गेला हे त्यालाही सांगता येत नाही. कष्ट बाईंचे, शब्द मात्र दुसऱ्याचे!

हे तंत्रज्ञान बायकांच्या उपयोगाचेच नाही, असे आम्ही म्हणत नाही. अफगाणिस्तानातल्या हेरात शहरात रोया मेहबूब या उद्योजिकेने २०१३ च्या सुमारास आपल्याबरोबर काम करणाऱ्या मुलींना बिटकॉइनमध्ये मोबदला द्यायला सुरुवात केली. कारण साधे होते. बहुतेकींची बँकेत खाती नव्हती, आणि रोख रक्कम घरी नेली की बाप, भाऊ किंवा नवरा काढून घेई. मोबाइलमधले पाकीट मात्र त्यांना दिसत नव्हते. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतले, बँका बंद पडल्या, पैसे काढण्यावर मर्यादा आल्या. कागदावर काही शब्द लिहून सीमा ओलांडता येते, ही गोष्ट तेव्हा अनेकांना नव्याने कळली. म्हणजे तीच वस्तू एका बाईला मोकळे करते आणि दुसरीला लुबाडते. फरक इतकाच, की किल्ली कोणाच्या हाती आहे.

किल्ली म्हणजे नेमके काय, ते समजून घेऊ. मेटामास्क हे या प्रकारचे बरेच वापरले जाणारे पाकीट. खरे तर पैसे त्या पाकिटात नसतातच. ते जगभरच्या संगणकांवर ठेवलेल्या एका सामाईक वहीत नोंदलेले असतात. पाकीट फक्त ते हलवण्याची किल्ली सांभाळते. ही किल्ली बारा इंग्रजी शब्दांतून तयार होते, आणि ते शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. पाकीट उघडताना आपण जो पासवर्ड ठेवतो तो फक्त त्या एका संगणकापुरता असतो. पासवर्ड विसरला तर बारा शब्दांवरून सारे परत मिळते. बारा शब्द हरवले आणि तो संगणकही गेला, तर कंपनी, बँक, पोलीस, न्यायालय, कोणीही परत मिळवून देऊ शकत नाही. आणि ज्याला ते शब्द कळले, त्याला तुमच्या संगणकाची किंवा पासवर्डची गरजच उरत नाही.

म्हणून पाकीट बसवताना पहिला प्रश्न : संगणक कोणाचा? ऑफिसचा, सायबर कॅफेचा, किंवा ज्याच्या मर्जीवर घर चालते त्या माणसाचा संगणक यासाठी वापरू नका. दुसरे, पाकिटाच्या अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. शोधयंत्रात नाव घातल्यावर वर येणाऱ्या जाहिरातीवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर बोट ठेवू नका. हुबेहूब दिसणारी खोटी पाकिटे केवळ शब्द चोरण्यासाठीच बनवलेली असतात.

तिसरे, शब्द पडद्यावर आले की खोलीत आपण एकटीच असावे. ते पेनाने, क्रमाने, स्वच्छ अक्षरात कागदावर लिहावेत. फोटो नाही, ईमेल नाही, स्वतःलाच पाठवलेला मेसेजही नाही. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी घाबरू नये. अक्षरे पाहून पाहून उतरवता येतात, आणि त्या यादीतला प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखू येतो. तेवढी अक्षरे बिनचूक असली की पुढची चूक दुरुस्त करता येते. दोन प्रती करून दोन वेगळ्या जागी ठेवाव्यात.

चौथी गोष्ट बहुतेकजण करतच नाहीत : पैसे येण्याआधी पाकीट परत उभे करून पाहणे. ब्राउझरमध्ये नवे प्रोफाइल काढा, तिथे तेच एक्स्टेन्शन बसवा, 'आधीचे पाकीट आहे' हा पर्याय निवडा आणि कागदावरचे शब्द क्रमाने भरा. पासवर्ड नवा ठेवला तरी चालतो. दोन्हीकडे खात्याचा पत्ता सारखाच दिसला, तर तुमचा कागद खरा. नाही दिसला, तर चूक आत्ताच कळली, काही गमावण्याआधी. एक लक्षात ठेवा. स्वतंत्र किल्ली घालून बाहेरून आणलेले खाते या बारा शब्दांनी परत येत नाही. त्याची किल्ली वेगळी जपावी लागते. आणि एखादे नाणे लगेच दिसले नाही तर धीर सोडू नका. ते यादीत पुन्हा जोडावे लागते, गेलेले नसते. नेमक्या अशा घाबरलेल्या क्षणीच 'मदत करतो, तुमचे शब्द सांगा' म्हणणारा भेटतो. खरी कंपनी शब्द कधीही मागत नाही. मागणारा चोर, हे पाठ करून ठेवा.

शब्द फुटल्याचा संशय आला तर पासवर्ड बदलून उपयोग नाही. नव्या शब्दांचे नवे पाकीट काढून पैसे ताबडतोब तिकडे हलवावेत. फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी. हल्ली गूगल किंवा ॲपलच्या खात्यावरूनही पाकीट उघडता येते. सोय खरी, पण ते खाते ज्या मोबाइलवर आहे तो घरात कोणाकोणाच्या हातात असतो, याचा विचार आधी करा.

कायद्याचेही बोलले पाहिजे. भारतात हे चलन म्हणजे रुपयासारखे वैध चलन नव्हे. २०२२ पासून त्यावरील नफ्यावर ३० टक्के कर आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस लागू झाला. संस्थांनी तर विशेष सावध राहावे. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच घ्यावी लागते. ती अशा पाकिटात घेणे म्हणजे संस्थेच्या गळ्याला फास. बचत गटाचे पैसे यात 'वाढवून' देण्याच्या गोष्टी तर ऐकूच नयेत. गेन बिटकॉइन योजनेत महिन्याला १० टक्के परतावा मिळेल या आशेने लोकांनी पैसे घातले, आणि २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे नोंदले गेले. पुढे त्या तपासात पोलिसांना साहाय्य करणाऱ्या दोघा सायबर तज्ज्ञांनाच, आरोपींच्या पाकिटांतले चलन वळवल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये अटक झाली. तज्ज्ञ म्हणून कोणाच्याही हाती किल्ली सोपवावी का, याचे उत्तर यातच आहे.

शेवटी आपल्या स्वतःबद्दल. केंद्रावर येणारी बाई विश्वासाने म्हणेल, 'ताई, तुम्हीच ठेवा हे शब्द.' दागिने, दाखले, पासबुके आपण ठेवतोच. पण पासबुक चोरीला गेले तर पैसे जात नाहीत. हा कागद कोणी नुसता वाचला तरी जातात, आणि वाचणाऱ्याचा माग राहीलच असे नाही. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : केंद्राने शब्द ठेवू नयेत आणि कार्यकर्तीने ते पाहूही नयेत. शेजारी बसून शिकवावे, शब्द लिहायच्या वेळी पाठ फिरवावी. दुसरी प्रत बहिणीकडे, मैत्रिणीकडे की फक्त स्वतःच्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवायची, हे तिने ठरवावे. आपल्या माघारी ते कोणाला मिळावेत, हेही तिनेच ठरवावे. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी दमदाटी करून शब्द काढून घेतले, तर तो 'घरातला मामला' नव्हे. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने, २००५ सालीच, आर्थिक छळालाही हिंसा म्हटले आहे. तक्रार लिहून घेताना हा प्रश्न आता आपण विचारायला हवा.

'तुला नाही कळायचं' हे वाक्य आपण शेतीच्या सातबाऱ्यापासून बँकेच्या फॉर्मपर्यंत ऐकत आलो. दर वेळी ते शिकून घेतले, तेव्हाच खोटे ठरले. पुढच्या बैठकीत एक रिकामे पाकीट काढा, मोडा, परत उभे करा. पैसे असोत वा नसोत, किल्ली फिरवायची सवय आपल्या हाताला हवी.

– संपादक मंडळ