पावतीपुस्तक गेले, कमान आली

वाचकहो, नरकचतुर्दशीला फराळाच्या ताटावर बसण्याआधी कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावण्याची आपल्याकडे रीत आहे. हा लेख म्हणजे तो थेंब समजावा. तोंड वाकडे करा, पण एवढा चाखा. पुढे चकल्या-करंज्या आहेतच.

आमच्या गावच्या गणेश मंडळाचा मी दहा-बारा वर्षे चिटणीस. मास्तरांचे अक्षर बरे, म्हणून पावतीपुस्तक माझ्या गळ्यात. श्रावण लागला की आम्ही चौघे-पाचजण घरोघर जिने चढत असू. वर्गणी कुठे अकरा रुपये, कुठे एकावन्न. पण तिच्याबरोबर उपदेश मणभर. 'गेल्या साली तुमच्या कर्ण्याने माझा डोळा लागला नाही,' म्हणून एक आजोबा खडसावीत. 'आमच्या नातीला नाचात घ्या,' म्हणून कोणी आजी गळ घाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू तर चहा पाजल्याखेरीज पावती फाडू देत नसत. गणपती बसण्याआधीच गावाला काय हवे आणि काय नको, हे आम्हांला पाठ झालेले असे.

दोन वर्षांपूर्वी इव्हेंटचा व्यवसाय करणारे एक तरुण गृहस्थ मंडळाकडे आले आणि त्यांच्या मागोमाग एका गृहप्रकल्पाचे मार्केटिंग अधिकारी. दोघेही सभ्य, मेहनती, वेळेचे पक्के. एकाच्या हाती मांडव, रोषणाई, कलावंत, पोलिसांचे परवाने यांची जुळवाजुळव. दुसऱ्याच्या हाती पैसा. त्या पैशाच्या मोबदल्यात हवी माणसांची नजर. मुख्य प्रायोजकाला व्यासपीठामागचा पडदा, सहप्रायोजकाला कमान, त्याखालच्याला मांडवाबाहेर टेबल. निवेदकाने दर अर्ध्या तासाने नाव घ्यायचे. सोडतीसाठी लोकांनी मोबाइलवर क्यूआर कोड टिपून नाव-नंबर भरायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो नंबर फ्लॅट विकणाऱ्यांच्या यादीत! ही एक विद्या आहे. तिची टिंगल मी करीत नाही. तेलावाचून पणती पेटत नाही, हे मलाही कळते.

माझे भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. बैठकीत त्या अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न होता, 'डोकी किती?' आमच्या शाळेतील मुलांचे नाटक दीड तासाचे. अर्ध्यावर गर्दी पातळ होते, म्हणून ते वीस मिनिटांवर आले. उरलेल्या वेळात सोडत. इव्हेंटवाल्यांनी मान डोलावली. कार्यकर्त्यांनी डोलावली. खोटे कशाला बोलू, मीही डोलावली. दुसऱ्या दिवशी तालमीत सहावीतला एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, 'सर, माझं वाक्य राहिलं का?' नाटकात त्याला एकच वाक्य होते.

त्या वर्षी पावतीपुस्तक कपाटातून निघालेच नाही. एकरकमी पैसा आल्यावर जिने कोण चढणार? विसर्जनानंतर त्या काकू बाजारात भेटल्या. म्हणाल्या, 'मास्तर, यंदा आला नाहीत. मी अकरा रुपये काढून ठेवले होते.'

त्या अकरा रुपयांत सगळे मर्म आहे. वर्गणी देणारा माणूस उत्सवाचा धनी असतो. तो रागावू शकतो, हिशेब मागू शकतो. ज्याच्या वाट्याचे पैसे दुसऱ्याने भरले, त्याला हा हक्क उरत नाही. आयोजक आणि जाहिरातदार यांचा सौदा दोघांत पटतो. पण ज्याची नजर विकली जाते तो तिसरा माणूस त्या बैठकीत बोलावलेलाच नसतो. काल तो यजमान होता. आज तो माल आहे.

याचे टोक पाहायचे असेल तर मुंबई-ठाण्याची दहीहंडी पाहा. गल्लीतली हंडी चौकात आली; फलकांवर पुढाऱ्यांच्या छब्या आणि बक्षिसांचे आकडे चढले; तसतसे थरही चढले. हाडे मोडली ती मात्र गोविंदांची. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की हंडी २० फुटांवर आणा आणि १८ वर्षांखालील मुले थरांत घेऊ नका. २०१७ साली उंचीचे ते बंधन सुटले आणि वयाची अट १४ वर आली. सणाची उंची न्यायाधीशांना का विचारावी लागते? कारण व्यासपीठावर बसलेल्यांपैकी कोणालाच ती कमी व्हायला नको असते.

आता कोणी विचारील, 'मास्तर, तुमचा दिवाळी अंक तरी कशावर चालतो?' जाहिरातींवरच! १९०९ सालच्या 'मनोरंजन'पासूनची ही परंपरा आज त्यांच्यावाचून तगणार नाही. पण जाहिरात आपल्या पानावर बसते आणि कथा आपल्या. माझ्या नायिकेने कोणत्या दुकानची साडी नेसावी, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. सांगेल त्या दिवशी लेखणी खाली ठेवीन. कलावंताला चांगली बिदागी मिळते, तीही अशाच पैशातून. तिचे मला दुःख नाही.

तेव्हा माझे मागणे थोडके आहे. आधी कार्यक्रम ठरवा, मग प्रायोजक शोधा. त्याला बाहेरची कमान द्या, हात जोडून आभार माना. पण वेळापत्रक देऊ नका आणि लोकांचे फोन नंबर तर मुळीच देऊ नका. जमाखर्च मांडवाच्या दारात लावा. आणि निम्मा खर्च तरी घरोघरच्या वर्गणीतून करा. दमदाटीची वर्गणी नव्हे. चहा पिऊन घेतलेली.

येत्या श्रावणात मी पावतीपुस्तक काढणार आहे. पहिला जिना त्या तिसऱ्या मजल्याचा. तो मुलगा आता आठवीत आहे. परवा त्याला विचारून पाहिले. त्याचे वाक्य त्याला अजून पाठ आहे.