हलगर्जी मजुराची, मेहेरबानी मालकाची?

सौंसरच्या एका सत्कार समारंभात परवा एका जाणत्या गृहस्थांचं भाषण झालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कारखान्यात अपघात होतात ते मजुरांच्या हलगर्जीपणामुळे. तरीही इथला मालक माणुसकी म्हणून दवाखान्याचं बिल भरतो, वर वीस हजार हातावर ठेवतो. एवढं करूनही कोणी वकील गाठला की घरोबा तुटतो, बिचारा ठेकेदार बुडतो आणि एक दिवस बोरगावचे कारखाने सातनूरचा नाका ओलांडून महाराष्ट्रात निघून जातील. टाळ्या कडाडल्या. वाजवणाऱ्यांची दहाही बोटं शाबूत होती, हे ओघानंच आलं.

शेवटचं आधी निकालात काढू. कारखाने महाराष्ट्रात जातील म्हणे! खुशाल जावेत. 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा केंद्राचा होता. सौंसरला जो, तोच सावनेरला. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिताही देशभराची, आणि भरपाईचा गाभा तिनं तसाच ठेवला आहे. ठेकेदार बुडतो? बुडाला तरी मजुराचं अडत नाही: मजुरानं मूळ मालकाकडे मागायचं आणि मालकानं ठेकेदाराकडून वसूल करायचं, अशी सोय कायद्यातच आहे.

आता वक्त्यांचा लाडका हलगर्जीपणा. घटकाभर मान्य करू की चूक मजुराचीच. पुढे काय? कायदा एवढंच विचारतो की इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली का. चूक कोणाची, हा प्रश्न त्यानं जाणूनबुजून बाजूला ठेवला आहे. तीन दिवसांत भरून येणारी किरकोळ इजा सोडली, तर मालकाला सुटायला तीनच वाटा आहेत: मजूर नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट नियम त्यानं मुद्दाम मोडणं, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं. मजूर दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला, तर याही वाटा बंद. घाई, थकवा, डुलकी, नजरचूक या यादीत कुठेच नाहीत. रात्रपाळीच्या दहाव्या तासाला ज्याला डुलकी येत नाही असा माणूस वक्त्यांनी दाखवावा. आपण त्याचाही सत्कार करू.

आणि हलगर्जी नेमकी कोणाची? जिनिंगचा हंगाम ऐन भरात असतो, पट्ट्यावरची जाळी काढून ठेवलेली असते, कारण जाळी असली की सफाईला यंत्र थांबवावं लागतं आणि गाठी कमी निघतात. जाळी काढायचा हुकूम मजूर देत नाही. धोकादायक फिरत्या भागांना आवरण घाला, चालतं यंत्र बाईमाणसाला साफ करायला लावू नका, हे 1948 च्या कारखाने कायद्यात लिहिलं होतं. पण जाळी काढणारा तो धोरणी, आणि बोट गमावणारी ती हलगर्जी!

हे सगळं लाल झेंड्याचं खूळ आहे, असंही वक्ते सुचवून गेले. जर्मनीत अपघात विम्याचा कायदा 1884 मध्ये झाला आणि तो करणारे बिस्मार्क समाजवाद्यांचे हाडवैरी होते. त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. कामावर जायबंदी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अपंग झाल्यास पोटापाण्याची तजवीज, ही तिथली एक मागणी होती. कायदा यायला पुढे 39 वर्षं गेली. वक्त्यांना हे पटायला किती लागतील, कोण जाणे.

वाद काही नवा नाही. मळणीयंत्रांत शेतमजुरांचे हात जात होते तेव्हाही गावोगाव हेच ऐकू यायचं: नीट काम करत नाहीत. शेवटी 1983 मध्ये धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आणि आपल्याच पांढुर्ण्याचं पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगावची माणसं आपल्या मर्जीनं एकमेकांवर दगड फेकतात, आणि त्यांच्यासाठी डॉक्टर, रुग्णवाहिका आधीपासून तयार असतात. ते योग्यच आहे. तिथे कोणी हलगर्जीचा हिशोब मागत नाही. तो मागायचा फक्त पोटासाठी यंत्रापाशी उभं राहणाऱ्यांकडे.

राहिली माणुसकी. तिची किंमत काढू. मजूर तीस वर्षांचा, पगार महिना 12,000, अंगठा गेला. कायद्याच्या तक्त्यात अंगठ्याचे 30 टक्के, वयाचा गुणक 207.98; कायद्याच्या सूत्रानं रक्कम होते सुमारे 4 लाख 49 हजार. दवाखान्याचा खर्च त्यातून कापता येत नाही, तो वेगळा. वीस हजारांची माणुसकी मालकाला फारच स्वस्तात पडते. शिवाय तक्त्यातली टक्केवारी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयानं 1975 च्या डिसेंबरात पूर्ण अपंग धरलं. एका हातानं सुतारकाम होत नाही, एवढं साधं कारण.

तेव्हा करायचं काय? अपघाताची खबर मालकाला लेखी द्यायची आणि प्रत जपायची. दवाखान्यात इजा कामावर झाली असंच सांगायचं. कोऱ्या कागदावर सही करायची नाही. हक्क सोडल्याचं लिहून घेतलं असलं तरी तो करार कायद्यापुढे रद्द. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा, आणि बुटीबोरीत जायबंदी झालेल्या सौंसरकराला तो आपल्या राहत्या जागीही लावता येतो. ईएसआयचं कार्ड असेल तर मागणी महामंडळाकडे. मालकानं महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

भरपाई हे मालकाच्या धंद्यावरचं देणं आहे. वीज, कापूस, वाहतूक यांची बिलं चुकवताना कोणी माणुसकीचं भाषण करत नाही. हेही बिल तसंच मुकाट्यानं चुकतं करावं.