घर की प्रवास : एका खोट्या निवडीविरुद्ध

पुण्या-मुंबईच्या तरुण नोकरदारांपुढे सध्या एक प्रश्न मोठ्या गांभीर्याने मांडला जातो. पगारातून जे थोडेफार उरते ते स्वतःच्या घरासाठी साठवावे, की उमेदीची वर्षे सरण्यापूर्वी देश पाहण्यात खर्च करावे? वडीलधारी मंडळी पहिल्या बाजूला आहेत, मित्रमंडळी दुसऱ्या. वृत्तपत्रांच्या पुरवण्या दोन्ही पक्षांना आळीपाळीने जागा देतात. एका पानावर गृहप्रकल्पाची जाहिरात असते, तिच्या पाठीमागे सहलीची. या वादात समाजवाद्यांनी पडण्याचे कारण काय, असे आपल्यातील काही साथी विचारतील. हा मध्यमवर्गाचा घरगुती प्रश्न आहे, त्याचा त्याने सोडवावा, अशी त्यांची धारणा असते. ती मला मान्य नाही. हा प्रश्न ज्या स्वरूपात विचारला जातो, त्या स्वरूपातच एक राजकारण दडलेले आहे, आणि ते उघडे करणे हे आपलेच काम आहे.

काटकसरीचा हिशेब

काटकसरीचा नीतिपाठ देणारे आकडेमोडीच्या वाटेला फारसे जात नाहीत. म्हणून आपण ती प्रथम करू. उदाहरणादाखल ७५ लाख रुपये किमतीचे घर धरू. मुंबईच्या उपनगरांत एवढ्या रकमेत काय पदरात पडते हे वाचकांना सांगायला नको. बँकेने यापैकी ६० लाख कर्जाऊ दिले, तरी उरलेले १५ लाख घेणाऱ्याने आधी उभे केले पाहिजेत. दरमहा १०,००० रुपये बाजूला टाकणाऱ्या तरुणाला, व्याज हिशेबात न घेता, त्यासाठी साडेबारा वर्षे लागतील. आता घरांच्या किमती दरसाल अवघ्या ५ टक्क्यांनी वाढतात असे माना. ज्या पहिल्या वर्षी या तरुणाने पोटाला चिमटा घेऊन १ लाख २० हजार रुपये साठवले, त्याच वर्षी घराची किंमत ३ लाख ७५ हजारांनी पुढे सरकली. तो चालत आहे आणि घर धावत आहे.

आता प्रवासाकडे वळू. रेल्वेच्या शयनयान डब्यातून जाऊन, धर्मशाळेत वा यूथ हॉस्टेलमध्ये उतरून केलेल्या प्रवासाचा खर्च १५,००० रुपये धरा. हा प्रवास रद्द केला तर त्या १५ लाखांचा शंभरावा हिस्सा जमतो. वर्षाला एक याप्रमाणे प्रवास सोडून दिले तर शंभर वर्षांनी आपला तरुण कर्ज मिळण्यास पात्र ठरेल! त्यानंतर कर्जफेड. ६० लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ५२,००० रुपये पडतो. एकूण परतफेड सव्वा कोटीच्या घरात जाते. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच अधिक.

२०१७ साली ऑस्ट्रेलियातील एका धनाढ्य बांधकाम व्यावसायिकाने, तरुणांना घरे का परवडत नाहीत याचे उत्तर देताना, त्यांच्या महागड्या न्याहारीवर आणि युरोपच्या सहलींवर बोट ठेवले होते. त्याचे तेथे हसे झाले. आपल्याकडे मात्र तेच तत्त्वज्ञान वडीलकीच्या नात्याने सांगितले जाते आणि श्रद्धेने ऐकले जाते. वरील हिशेब ज्याला समजला, त्याने पुन्हा कोणत्याही तरुणाला ‘फिरणे कमी कर म्हणजे घर होईल’ असे सांगू नये.

जमीन कोणी महाग केली?

यावर एक आक्षेप हमखास येतो. आमच्या पिढीने काटकसर करूनच घरे केली ना, मग यांना का जमू नये? या आक्षेपात अर्धे सत्य आहे. काटकसर होती, पण तिच्या पाठीशी एक व्यवस्थाही उभी होती. सरकारने सवलतीच्या दराने दिलेल्या जमिनींवर शिक्षकांच्या, कारकुनांच्या, कामगारांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था उभ्या राहिल्या. १९५२ च्या अनुदानित औद्योगिक गृहनिर्माण योजनेखाली कामगारांसाठी भाड्याच्या वसाहती बांधल्या गेल्या. नोकरी कायम असे, आणि निवृत्तिवेतनाची हमी असणारेही पुष्कळ होते. ही व्यवस्था अपुरी होती, भ्रष्टाचारापासून मुक्त नव्हती, आणि दलित व असंघटित श्रमिकांपर्यंत फारशी पोहोचलीही नाही. तरीही पगार आणि घराची किंमत यांत काही नाते तिने टिकवून ठेवले होते.

हे नाते आपोआप तुटले नाही; ते तोडण्यात आले. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईसारख्या शहरात मोकळ्या जमिनीच्या मालकीवर ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली होती. त्यातील सवलतींच्या कलमांनी कायदा पोखरला, हे खरे. परंतु छिद्रे बुजवण्याऐवजी भांडेच फोडण्यात आले. केंद्राने १९९९ साली कायदा रद्द केला आणि महाराष्ट्राने २००७ साली त्याचे अनुकरण केले. गिरण्यांच्या जमिनींचेही तेच झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार त्या जमिनींचे स्थूलमानाने तीन वाटे व्हायचे होते : एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली एका दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित केली गेली. पालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला चतकोर उरला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. ज्या परळ-लालबागेत कामगारांच्या चाळी होत्या, तेथे आज उभे असलेले मनोरे कोणाच्या चैनीतून उभे राहिले? एखाद्या तरुणीच्या हिमालयाच्या फेरीतून खचित नव्हे.

भाडेकरूची भीती

तरुण माणूस घर विकत घेण्यासाठी एवढा कासावीस का होतो? मालकीचा मोह हे त्याचे एक कारण असेल, पण प्रमुख कारण भीती हे आहे. अकरा महिन्यांचा करार, दर वर्षी वाढणारे भाडे, दर वर्षी नवी अनामत, आणि जात, धर्म, आहार, लग्न झाले आहे की नाही यांची चौकशी. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी दशकानुदशके गोठवली. त्यामुळे इमारती मोडकळीस आल्या, पागडीचा काळा व्यवहार फोफावला आणि भाड्यासाठी घरे बांधणे थांबले, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नाकारू नये. पण त्यावरचा उपाय वाजवी भाडे, ठरावीक वाढ आणि सुरक्षित मुदत हा होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण ठेवले. नव्या पिढीला मात्र ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या हवाली केले. त्या कायद्याच्या कलम २४ नुसार मुदत संपताच घर सोडले नाही, तर दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

परिणाम आकड्यांत दिसतो. केंद्र सरकारच्याच २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीनुसार शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. आणि २०११ च्याच जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. एकीकडे कुलूप लावलेली घरे, दुसरीकडे घरासाठी उमेदीची वर्षे कुलूपबंद करणारी माणसे. याला टंचाई म्हणत नाहीत, साठेबाजी म्हणतात.

प्रवास म्हणजे चैन नव्हे

आता दुसऱ्या बाजूचाही समाचार घेतला पाहिजे. ‘आयुष्य एकदाच मिळते’ असे सांगत तरुणांना देशोदेशी पाठवणारे काही मुक्तिदाते नव्हेत. सहलीसाठीही आता कर्ज मिळते. आधी फिरा, मागाहून हप्ते भरा. घर विकणारा म्हणतो, भविष्य विकत घे. सहल विकणारा म्हणतो, आठवणी विकत घे. दोघांच्याही मागे सावकार एकच आहे. कर्ज काढून चार दिवसांत सात शहरे पाहणे म्हणजे प्रवास नव्हे. तीही एक खरेदीच.

परंतु म्हणून प्रवासालाच चैन ठरवण्याची जी सवय आपल्या चळवळीतही आहे, ती सोडली पाहिजे. देशातील इतर भाषा आणि इतर माणसे तरुणांनी जवळून जाणावीत, हे साने गुरुजींच्या आंतरभारतीचे स्वप्न होते. १९८५-८६ साली बाबा आमटे यांच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक तरुण कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत सायकलींवरून गेले, ते काही मौजेसाठी नव्हे. शेजारच्या प्रांतातील माणसाविषयी द्वेष पसरवणे ज्यांचा धंदा आहे, त्यांना न फिरलेला तरुण फार सोयीचा असतो.

फ्रान्समध्ये १९३६ साली लोकआघाडीच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, आणि तिच्या जोडीला रेल्वेची सवलतीची तिकिटेही. अनेक कामगार कुटुंबांनी त्या उन्हाळ्यात प्रथमच समुद्र पाहिला. ही रजा वाढत वाढत १९८२ साली पाच आठवड्यांवर गेली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने २४० दिवस भरणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस, म्हणजे कमीत कमी बारा दिवसांची रजा दिली. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेतही प्रमाण तेच राहिले : वीस दिवसांमागे एक. बहात्तर वर्षांत उत्पादन कितीतरी पटींनी वाढले, विश्रांती जागची हलली नाही. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना १९५६ पासून रजा प्रवास सवलत देते. प्रवास ही गरज आहे हे त्याला मान्य आहे, फक्त ती दुकानातल्या मुलाची किंवा घरोघरी सामान पोहोचवणाऱ्याची गरज आहे हे मान्य नाही.

आणि जे सर्वांत अधिक प्रवास करतात त्यांचे काय? बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दर वर्षी गळीत हंगामात घराला कुलूप लावून बाहेर पडतो आणि पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपीत राहतो. त्याला घरही आहे आणि प्रवासही घडतो. पण दोहोंपैकी एकही त्याच्या इच्छेने नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी तो फिरतो. शहरातील कर्जदार तरुणाची स्थिती त्याच्यापेक्षा कितीतरी बरी आहे. दोघांची तुलना करणे अन्यायाचे होईल. पण बंधनाची जात एकच आहे : आधीच खर्च झालेल्या पैशासाठी पुढचे श्रम गहाण. मासिक हप्ता हाही एक मुकादमच आहे. ज्याच्या डोक्यावर वीस वर्षांचा हप्ता आहे तो संपात उतरताना दहादा विचार करतो, अन्यायी साहेबाला उत्तर देताना शब्द गिळतो. संघटनेत नवे तरुण येत नाहीत म्हणून हळहळणाऱ्या कार्यकर्त्यांनी हेही कारण ध्यानात घ्यावे.

आपण काय मागावे?

व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ साली, ह्यूगो ब्राइटनर यांच्या अर्थकारभारात, घरांवर चढत्या दराचा गृहनिर्माण कर बसवला. मोठ्या, आलिशान निवासांवर त्याचा भार सर्वाधिक होता. १९३४ पर्यंत त्यातून साठ हजारांहून अधिक सदनिका बांधल्या गेल्या. त्या विकल्या नाहीत, भाड्याने दिल्या. आजही त्या शहराकडे स्वतःच्या मालकीची दोन लाखांहून अधिक भाड्याची घरे आहेत. आपल्याकडे म्हाडा सोडत काढते ती मुख्यतः विक्रीसाठी. घर हे नशिबाने लागणारे बक्षीस झाले, हक्क राहिला नाही.

म्हणून पक्षाने आपल्या कार्यक्रमात चार मागण्या स्पष्टपणे घालाव्यात. सार्वजनिक जमीन विकू नये. तिच्यावर कायम भाड्याची घरे बांधावीत. अकरा महिन्यांच्या कराराऐवजी दीर्घ मुदत, ठरावीक भाडेवाढ आणि भेदभावाला शिक्षा असणारा भाडेकरू कायदा करावा. रिकाम्या घरांवर चढता कर बसवावा. आणि कंत्राटी कामगारांसह सर्व श्रमिकांना वर्षाकाठी निदान चार आठवड्यांची भरपगारी रजा आणि तरुणांना रेल्वे प्रवासात सवलत द्यावी. कामगार संघटनांनी घरभाडे भत्ता वाढवून घेतला, भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी रक्कम काढण्याची सोय मिळवली. पण तो पैसा अखेर जमीनमालकाच्याच तिजोरीत गेला. आता मागणी भत्त्याची नव्हे, घराची हवी.

तोवर तरुणांना काय सांगावे? अडीअडचणीसाठी चार पैसे अवश्य गाठीला ठेवा. म्हाताऱ्या आईवडिलांच्या डोक्यावर छप्पर हवे म्हणून जो घर घेतो त्याची थट्टा करू नका. सहलीसाठी कर्ज काढू नका. पण ज्या प्रवासाला साध्या डब्याचे तिकीट आणि कोण्या साथीच्या घरची सतरंजी पुरते, तो अपराधी मनाने करू नका, आणि कोणी उधळपट्टी म्हटले तर त्याच्यापुढे वरचा हिशेब ठेवा. शंभर प्रवास सोडूनही जे घर मिळत नाही, ते प्रवास सोडून मिळणारच नाही. ते लढून मिळवावे लागेल. आणि लढणाऱ्याने आपला देश पाहिलेला असावा.