गव्हाणीला गुण किती?

आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटते न पेटते तोच आमच्या वसईच्या बाजारपेठा नाताळाच्या मालाने ओसंडू लागतात. थर्मोकोलचे तयार गोठे, प्लॅस्टिकची झाडे, चमकीच्या झालरी, कापसाचा बर्फ, क्षणोक्षणी रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या माळा असा सारा सरंजाम रस्त्याच्या दुतर्फा मांडला जातो आणि आमची कुटुंबे रविवारची मिस्सा आटोपून थेट त्याच रस्त्याला लागतात. ख्रिस्तजन्माचा आनंद घराघरांतून प्रकट होऊ नये, असे कोण म्हणेल? परंतु तो आनंद दुकानातून तयार आणावा लागतो आणि ज्याला तो आणणे परवडत नाही त्याचा नाताळ उणा, अशी जी समजूत आमच्या धर्मग्रामांत हळूहळू रुजली आहे, तिच्याविरुद्ध आज आम्हांस स्पष्ट बोलावयाचे आहे.

बोलण्यापूर्वी एक कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामाच्या गोठा-स्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्ही घरोघर हिंडलो. हाती छापील गुणतक्ता होता : भव्यता, रोषणाई, हलते देखावे, एकूण परिणाम. एका बंगल्याच्या ओटीवर सबंध भिंत व्यापणारा थर्मोकोलचा राजवाडा उभा होता. त्यात कारंजे उडत होते आणि उंटांचा तांडा गोल गोल फिरत होता. सारे काम बाहेरच्या कारागिरांनी दोन दिवसांत उभे करून दिले, घरच्या कोणाला हातसुद्धा लावावा लागला नाही, असे यजमानांनी अभिमानाने सांगितले. तेथून थोड्या अंतरावरील एका वाडीत, बूड फाटलेली बांबूची पाटी आडवी ठेवून तिची गुहा केलेली होती. आत नुकत्याच झोडलेल्या भाताचा पेंढा, समोर डब्याच्या पसरट झाकणात पेरलेल्या गव्हाची वीतभर हिरवळ, मागे आजीच्या विटलेल्या लुगड्याचे आकाश आणि त्या आकाशावर जुन्या लग्नपत्रिकांतून कातरलेले सोनेरी तारे. योसेफाचा मोडलेला हात मेणाने चिकटवलेला होता. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी आम्हांला एकेक वस्तू दाखवीत होती : हे लुगडे आजीचे, हा मोठा तारा ताईच्या लग्नपत्रिकेचा, ही मेंढरे भावाने वाडीतल्या मातीची केली.

आम्ही कौतुक केले, खाऊ घेतला आणि तक्ता भरला. भव्यता शून्य, रोषणाई एक, हलते देखावे शून्य.

पुढल्या वर्षी त्याच घरी गेलो तेव्हा पाटी नव्हती. उसनवारी करून आणलेला थर्मोकोलचा गोठा होता, आणि ती मुलगी दाराआडून पाहत होती. दाखविण्यासारखे तिच्याजवळ काही उरले नव्हते. तिच्या नाताळावर शून्य गुणांची जी सही झाली होती ती आमची होती. आजचा लेख हे त्या सहीचे प्रायश्चित्त समजावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संत लूकचे शुभवर्तमान उघडून पाहावे. गोठ्याचे वर्णन त्यात नाही, बैल नाही, गाढव नाही. ती दोन जनावरे यशया संदेष्ट्याच्या वचनावरून परंपरेने तेथे आणून बांधली. लूकने सांगितलेल्या वस्तू दोनच : बाळंत्याची वस्त्रे आणि गव्हाण. गव्हाण म्हणजे गुरांच्या वैरणीचे भांडे. मरियेने ती बाळासाठी घडवून घेतली नव्हती, योसेफाने बाजारातून आणली नव्हती. दुसऱ्याच्या कामाची, हाताशी सापडलेली वस्तू तिने पाळणा म्हणून वापरली. आणि देवदूताने मेंढपाळांना खूण म्हणून काय सांगितले? ताऱ्याची गोष्ट मत्तयची आहे. ती दूरदेशीच्या ज्ञानी लोकांसाठी. रानात राखण करणाऱ्या गरिबांसाठी खूण होती ती गव्हाणीचीच. जगाच्या तारणाऱ्याची ओळख पटावी म्हणून देवाने जी वस्तू निवडली, तिला आमच्या गुणतक्त्यात एकही रकाना नव्हता!

गोठ्याच्या परंपरेचा उगमही हेच सांगतो. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी असिसीकर संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री जो देखावा उभारला त्यात एकही पुतळा नव्हता. गव्हाण, गवत, जिवंत बैल आणि गाढव इतकेच. गावचे लोक हातात मेणबत्त्या आणि मशाली घेऊन आले, तीच रोषणाई. बेथलेहेमी बाळाला कोणकोणत्या गैरसोयी सोसाव्या लागल्या हे आपल्या डोळ्यांनी पाहावे, ही संतांची इच्छा होती. त्यांचे चरित्रकार चेलानोकर थॉमस यांनी नोंदविले आहे की, त्या गव्हाणीतील गवत पुढे लोकांनी जपून ठेवले आणि ते खाऊन आजारी जनावरे बरी झाली. गवतसुद्धा वाया गेले नाही! ग्रेच्चो येथेच १ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी गोठ्याविषयीच्या आपल्या प्रेषितीय पत्रावर सही केली. 'अद्भुत चिन्ह' अशा अर्थाच्या शब्दांनी त्या पत्राचा आरंभ होतो. नाना प्रकारच्या साध्या वस्तूंतून घरोघर गोठा घडविणाऱ्या हातांचे त्यात कौतुक आहे आणि ही कला लहानपणी आईबापांकडून व आजी-आजोबांकडून मुलांच्या हाती येते, याचे स्मरणही आहे. आयता गोठा आणणाऱ्या घरात मुलाच्या हाती काय येते? पावती!

जुनी वस्तू पवित्र कामाला लावणे ख्रिस्तसभेला कधीच कमीपणाचे वाटलेले नाही. भस्म बुधवारी आमच्या कपाळी लागणारी राख कोठून येते? आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या, घराघरांतून वाळून गेलेल्या झावळ्यांतून. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी त्यांनी परदेशातून छंद आणला नाही. या भूमीत शतकानुशतके रुळलेली ओवी उचलली आणि तिच्यात बाळयेशूला ठेवले. तीही एक गव्हाणच होती. मग चारशे वर्षांनंतर त्याच भूमीतील आम्ही, ज्यांच्या अंगणात दहिवरसुद्धा गोठत नाही, ते खिडक्यांना कापसाचा बर्फ का डकवतो?

आमच्या वाडवडिलांपाशी काय नव्हते? भातकापणी उरकून पेंढा घरात आलेलाच असे. बांबूच्या कामट्या बांधून त्यांवर पतंगाचा कागद घरच्या खळीने चिकटवला की तारा तयार होई. गोणपाट मातीच्या काल्यात बुडवून वाळवले की बेथलेहेमचा डोंगर उभा राही. केळीच्या वाळल्या सोपटाची भिंत, नारळाच्या झावळीचे छप्पर, करवंटीची घंटा, सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा ओढा. नाताळाआधी दहा-बारा दिवस गहू किंवा नाचणी पेरावी, म्हणजे पंचवीस तारखेला कुरण तयार. किनाऱ्यावरील सुरूची वाऱ्याने मोडून पडलेली फांदी हेच झाड. उभे झाड कापू नये, हे वेगळे सांगावयास नकोच. दिवस सरले की यांतील काही गुरांच्या पुढ्यात जाई, काही चुलीत, काही वाडीच्या खतात, आणि पुतळे कापडात गुंडाळून पेटीत. पुढल्या वर्षी तीच पेटी उघडताना जो आनंद होई तो कोणत्याही दुकानात मिळत नाही.

थर्मोकोलचे मात्र तसे नाही. ते कुजत नाही. जानेवारीत ते उकिरड्यावर पडते, त्याचे दाणे होतात, वाऱ्यावर उडतात आणि ओहोळांतून खाडीला मिळतात. जाळले तर काळा विषारी धूर सोडते. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्मोकोलविरुद्ध जी अधिसूचना काढली, तिच्यात सजावटीच्या थर्मोकोलवरही बंदी आली. गणेशोत्सवातील थर्मोकोलच्या मखरांना त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानेही सवलत दिली नाही. आमच्या हिंदू शेजाऱ्यांना मखर बदलावे लागले. मग आमचा गोठा कोणत्या तोंडाने तसाच राहतो? सृष्टीविषयीच्या पोपच्या परिपत्रकावर, म्हणजे २०१५ च्या 'लाउदातो सी'वर, आम्ही सभागृहात व्याख्याने ठेवतो आणि त्याच सभागृहाच्या मागे नाताळानंतर थर्मोकोल पेटवतो. याला काय म्हणावे?

आमच्या विरोधकांचे म्हणणे आम्ही ऐकलेले आहे, आणि त्यात तथ्य अगदीच नाही असे नव्हे. ते म्हणतात, "वाडवडिलांनी पाटीचा गोठा केला तो हौसेने नव्हे, दारिद्र्याने. आता देवाने चार पैसे दिले आहेत, तर वर्षातून एकदा खर्च केला म्हणून बिघडले कोठे?" खरे आहे. दारिद्र्याचे गोडवे आम्ही गाणार नाही. ज्यांनी ते सोसले त्यांनी आम्हांस क्षमा करावी. ज्याच्याजवळ नाही त्याला काटकसरीचे प्रवचन देणे हा तर उद्धटपणाच होय. आमचे बोलणे आहे ते ज्यांच्याजवळ आहे त्यांच्याशी. कारण गावात भपक्याचे माप तेच ठरवितात, आणि त्या मापाला पुरे पडण्यासाठी कर्ज मात्र दुसराच काढतो. वाडीतील त्या घराला उसनवारी करण्यास कोणी भाग पाडले? बंगल्यातील कारंज्याने आणि आमच्या पेनाने.

दुसरा आक्षेप असा की, लोकांनी खरेदी केली नाही तर कारागिरांनी खावे काय? विकत घेणे हे पाप आहे असे आम्ही म्हटलेलेच नाही. कामट्या-कागदाचा तारा हाताने करून विकणारा जर आपल्या गावात असेल, तर त्याच्याकडून अवश्य घ्यावा, घासाघीस न करता घ्यावा आणि फाटला तर नवा कागद डकवून दहा वर्षे वापरावा.

आणखी एका मोहापासूनही सावध राहावे. आता काटकसरीचीही फॅशन निघाली आहे. मुद्दाम जुनाट रंगवलेली फळी, नवेकोरे गोणपाट, दुकानातून विकत आणलेला पेंढा! हा गरिबीचा देखावा झाला. त्यापेक्षा राजवाडा अधिक प्रामाणिक. काटकसर आणि चिक्कूपणा यांतील भेदही ध्यानात असावा. चिक्कू माणूस वाचवलेला पैसा कडीकुलपात ठेवतो. ख्रिस्ती काटकसरीत तो पैसा दाराबाहेर पडतो. बाळयेशूला मंदिरात अर्पण करतेवेळी मरिया-योसेफांनी गरिबांसाठी ठरलेले पक्ष्यांचे जोडीदान दिले. त्यांनी स्वतःच्या ऐपतीची लाज बाळगली नाही. परंतु दान चुकविलेही नाही.

म्हणून आमच्या धर्मग्रामांपुढे काही मागण्या नम्रपणे, पण आग्रहाने ठेवतो. गोठा-स्पर्धा चालू ठेवावयाच्या असतील तर गुणतक्ता बदलावा. भव्यता आणि रोषणाई हे रकाने काढून टाकावेत. घरातील किती हात लागले, किती वस्तू घरच्या वा जुन्या आहेत आणि नाताळानंतर त्यांचे काय होणार, हे विचारावे. देवळातील गोठ्यात थर्मोकोलचा तुकडाही नसावा, कारण घरे देवळाकडे पाहून वागतात. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी देवळाच्या ओट्यावर एक लांब मेज मांडावे. ज्याच्याकडे जादा पुतळे, जुने तारे, झालरी, गतवर्षीची भेटकार्डे असतील त्याने ती तेथे ठेवावीत. ज्याला हवे त्याने न विचारता न्यावे. किंमत नाही, नाव नाही, नोंदवही नाही. आणि प्रत्येक घराने गोठ्याच्या खर्चात जे वाचेल ते पाकिटात घालून नाताळच्या मिस्सेत अर्पण करावे. आजारी, निराधार आणि कर्जबाजारी यांच्या चुली त्यावर पेटतील.

ती मुलगी आता मोठी झाली असेल. आजीचे लुगडे त्या घरात अजून असेल किंवा पायपुसणे होऊन गेले असेल, आम्हांस ठाऊक नाही. परंतु आमच्या प्रत्येक घरात एखादे लुगडे, एखादी फाटकी पाटी, एखादा हात मोडलेला योसेफ असतोच. यंदा बाजाराचा रस्ता धरण्यापूर्वी तो माळ्यावरून खाली काढावा, मुलांना जवळ बसवावे आणि कोणती वस्तू कोणाची होती ते त्यांना सांगावे. गुण देण्यासाठी आम्ही येणार नाही.