किती वेळा सांगायचं तुला?

परवा नातू तेराच्या पाढ्यात अडखळला. आदल्याच दिवशी घडाघडा म्हटला होता. तोंडून जुनं वाक्य निघालंच, "अरे, किती वेळा सांगायचं तुला?" मास्तरकीच्या सगळ्या वर्षांत हे वाक्य मी किती पोरांच्या डोक्यावर आदळलं असेल, देव जाणे.

गंमत म्हणजे, या प्रश्नाचं उत्तर एरिक कँडेल यांनी शोधलंय, तेही एका समुद्री गोगलगायीकडून! कँडेल यांचा जन्म १९२९चा, व्हिएन्नातल्या ज्यू घरातला. १९३९ साली नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत आले. आधी इतिहास-साहित्य शिकले, मग मनोविश्लेषक व्हायचं म्हणून डॉक्टर झाले. पण 'आठवण मेंदूत राहते कशी' हा प्रश्न सुटेना. त्यासाठी त्यांनी 'ॲप्लिसिया' ही गोगलगाय निवडली. तिच्या मज्जापेशी जेमतेम वीस हजार, काही तर नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या. गोगलगायीत कसली आलीय स्मृती, म्हणून जाणत्यांनी नाकं मुरडली. यांनी ऐकलं नाही.

मज्जापेशी बहुतेक ठिकाणी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मधल्या बारीक फटीत रसायन सोडून त्या बोलतात. शेपटीला एकदा विजेचा झटका दिला, की पेशी थोडा वेळ जास्त रसायन सोडते. आठवण काही मिनिटांची. तेच मधे विसावा देत पुन्हा पुन्हा केलं, तर पेशीतली जनुकं जागी होतात, नवी प्रथिनं तयार होतात, नव्या जोडण्या फुटतात. मग आठवण दिवसेंदिवस टिकते. या कामासाठी २००० साली त्यांना कार्लसन आणि ग्रीनगार्ड यांच्यासह नोबेल मिळालं.

गोगलगायीचा हिशेब जसाच्या तसा मुलांना लावू नये, हे मलाही कळतं. पण अंतराअंतराने केलेली उजळणी माणसालाही फळते, हे एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच लिहून ठेवलंय. आणि आम्ही काय केलं? जानेवारीपर्यंत 'पोर्शन' संपवायचा आणि परीक्षेच्या तोंडावर सगळं कोंबायचं! आमच्या आजीला प्रथिनं ठाऊक नव्हती, पण रोज दिवेलागणीला परवचा चुकला नाही. नुसती घोकंपट्टी म्हणून आपण तो मोडीत काढला, ही चूकच झाली असं माझं मत आहे.

कविता विसरला म्हणून एका मुलाला मी तासभर बाकावर उभं केलं होतं. पुढे त्याने शाळा सोडली. त्याच्या डोक्यात जोडणी फुटायला जो वेळ हवा होता, तो मी दिलाच नाही.

असो. नातवाला म्हटलं, "जा, खेळून ये. उद्या परत म्हणू."